फ्रान्सच्या गावाकडचे शांत रस्ते: सायकलचा मार्ग कसा आखावा

फ्रान्समध्ये सायकल चालवून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: देश सुंदर आहे, पण ट्रक फार. त्यांचा अनुभव खरा असतो, पण दोष बहुतेक वेळा निवडलेल्या मार्गाचा असतो. दोन प्रसिद्ध गावं ठरवायची, फोनला मधला रस्ता विचारायचा आणि निघायचं, असं केलं की फोन एक तर मोठ्या रस्त्यावर नेतो, नाही तर खडकाळ पायवाटेवर. त्याच दोन गावांच्या मध्ये, थोडा वळसा घेतला तर, अर्ध्या तासात दोन-चारच गाड्या भेटतील असा चांगला डांबरी रस्ता बहुतेक ठिकाणी असतो. तो फोन आपणहून सुचवत नाही. तो घरी बसून शोधावा लागतो.

खालचे टप्पे बारीक टायरच्या रोड बाइकसाठी आणि दिवसाला ६० ते १०० किलोमीटर चालवणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरण म्हणून नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लॉट या देपार्तमाँची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, एक फेरी घेतली आहे: फिजाक गावातून निघून सेले नदीच्या खोऱ्याने खाली, आणि लॉट नदीच्या काठाने परत. अंतर सुमारे १०० किलोमीटर.

## टप्पा १: एक मुक्काम, रोज वेगळी फेरी

पहिल्याच वेळी रोज गाव बदलणारी लांब सफर आखू नका. सात-आठ हजार वस्तीचं, रेल्वे स्टेशन आणि सुपरमार्केट असलेलं एक गाव निवडा, तिथे चार-पाच रात्री राहा आणि रोज निराळ्या दिशेने फेरी मारा. सामान खोलीवर राहतं, सायकल हलकी राहते, पाऊस आला तर दिवस बदलता येतो. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या सोयीचा पुरावा द्यावा लागतो आणि एकाच ठिकाणचं बुकिंग दाखवणं सोपं जातं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. त्या विम्यात सायकलिंग धरलं आहे का, हे पॉलिसी वाचूनच घ्या.

ऋतू: मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो, आणि लॉटसारख्या भागात दुपारचं ऊन सोसवत नाही.

सावधान: फिजाक आणि काजार्क ही गावं स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर आहेत. मे आणि सप्टेंबरमध्ये यात्रेकरूंमुळे स्वस्त गीत, म्हणजे साधी निवासघरं, आधीच भरतात. खोली ठरवताना ‘आक्केय व्हेलो’ हे चिन्ह शोधा. ते असलेल्या ठिकाणी सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची जुजबी हत्यारं असतात.

## टप्पा २: रस्त्याची जात ओळखायला शिका

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये रस्त्याच्या नावातलं पहिलं अक्षर त्याची जात सांगतं.

‘ए’ म्हणजे ओतोरूत, मोटारींचा द्रुतगती महामार्ग. सायकलला पूर्ण बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता. यावर बहुतेक ठिकाणी सायकल चालवता येते, पण चालवू नये. ट्रक इथेच असतात, आणि काही तुकडे फक्त मोटारींसाठी राखीवही असतात. ‘डी’ म्हणजे देपार्तमाँचा रस्ता. ‘सी’ किंवा नुसता बिननावाचा रस्ता म्हणजे ग्रामपंचायतीचा.

आपलं काम ‘डी’ आणि ‘सी’मध्ये आहे, पण सगळे ‘डी’ सारखे नसतात. पूर्वीचे कितीतरी राष्ट्रीय रस्ते २००६ च्या सुमारास देपार्तमाँकडे सोपवले गेले. त्यांचं अक्षर बदललं, वाहतूक तीच राहिली. अशा रस्त्यांना अनेकदा ८०० किंवा ९०० च्या घरातले आकडे मिळाले. फिजाकमधून जाणारा डी ८४० हा जुना एन १४० आहे. ‘डी आहे, म्हणजे शांत असेल’ हा समज सोडून द्या.

आकड्यातली दुसरी गोम: हे आकडे प्रत्येक देपार्तमाँ स्वतः देतो. हद्द ओलांडली की तोच रस्ता अनेकदा वेगळ्या आकड्याने पुढे जातो. लॉटमधून शेजारच्या आव्हेरों देपार्तमाँमध्ये शिरलात की पाटीवरचा आकडा बदलू शकतो. रस्ता चुकला असं समजून मागे फिरू नका.

आकड्यापेक्षा भरवशाचा आहे तो नकाशावरचा रंग. मिशलँ, म्हणजे मिशेलिन कंपनीचा, कागदी नकाशा विकत घ्या. देपार्तमाँच्या पातळीवरचा, १:१,५०,००० प्रमाणाचा. त्यात लाल म्हणजे मुख्य रस्ता, पिवळा म्हणजे दुय्यम, पांढरा म्हणजे किरकोळ. आपल्याला पांढरे हवेत आणि पांढऱ्यांना जोडायला थोडे पिवळे. रस्त्यावर काढलेले छोटे बाण चढ दाखवतात आणि ते चढाच्या दिशेने तोंड करून असतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण त्याहून जास्त. सिंहगडाची चढण जमत असेल तर एका बाणाची काळजी करू नका. तीन बाण दिसले तर मात्र दिशा उलटी करून बघा. तोच रस्ता उतारावर घेता येतो का ते पाहा.

सावधान: रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर रस्ता निसर्गरम्य आहे. ती रेघ मोटारवाल्यांनाही दिसते. जुलै-ऑगस्टच्या दुपारी हिरव्या रेघेचा पिवळा रस्ता हा शांत रस्ता नव्हे.

## टप्पा ३: मार्ग जोडा, या क्रमाने

१. आधी नदी आणि पठार बघा, मग गावं. लॉटमध्ये खोरी सपाट आहेत आणि मधलं चुनखडीचं पठार, ज्याला कॉस म्हणतात, खोऱ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. खोऱ्यातून खोऱ्यात जायचं तर प्रत्येक वेळी ही उंची चढावी लागते. हे लक्षात न घेता ठिपके जोडले की ८० किलोमीटरच्या फेरीत पाच चढ येतात.

२. दोन गावं ठरवण्याऐवजी एक चांगला लांब तुकडा ठरवा. आपल्या फेरीत तो तुकडा आहे डी ४१. सेले नदीच्या काठाने, कधी सरळ कड्याच्या पोटाखालून जाणारा हा रस्ता कॉर्न, एस्पान्याक, ब्रांग, मार्सियाक, सोलियाक आणि काब्रेरे अशी गावं घेत काँद्युशेला लॉट नदीपाशी पोचतो. नदीच्या प्रवाहाबरोबर जात असल्याने एकूण कल उताराचा आहे. बाकीची फेरी या तुकड्याभोवती बांधायची.

३. मग सुरुवातीचे आणि शेवटचे दहा किलोमीटर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खेड्यात रस्ता आपोआप शांत असतो. मुक्कामाच्या गावातून बाहेर पडताना आणि परत शिरतानाच मोठ्या रस्त्याशी गाठ पडते. फिजाकमधून डी ४१ ला लागेपर्यंतची दिशा आणि तिथून ओतोरूतकडे निघालेल्या गाड्यांची दिशा एकच आहे. म्हणून ह्या भागात पांढरे रस्ते एकेक करून जोडा आणि ते नाहीतच तिथे तेवढा तुकडा सकाळी लवकर उरका.

४. आता अ‍ॅपमध्ये मार्ग काढा. कोमूट, राइड विथ जीपीएस, ओपनरनर यांपैकी कुठलंही चालेल. पण सुरुवात आणि शेवट देऊन मार्ग मागू नका. कागदावर ठरवलेल्या प्रत्येक वळणावर एक बिंदू टाकत जा. ‘सायकल’ऐवजी ‘रोड बाइक’ हा पर्याय निवडा. हा फरक क्षुल्लक नाही. काँद्युशेजवळच्या बुझिएस गावापासून सें-सीर्क-लापोपी गावापर्यंतच्या टप्प्यात नदीच्या कडेने कड्यात कोरलेली जुनी वाट आहे, पूर्वी होड्या ओढण्यासाठी केलेली. नकाशावर ती सर्वात जवळची आणि सपाट दिसते. ती पायी चालणाऱ्यांची आहे. आपला रस्ता बुझिएसचा अरुंद पूल ओलांडून डी ४० ने वर चढतो.

५. परतीचा काठ निवडा. सें-सीर्कवरून उतरल्यावर मुख्य डी ६६२ उत्तर काठाला आहे. दक्षिण काठाने क्रेगोल, सेनव्हिएर, काल्व्हिन्याक अशी गावं घेत जाणारा रस्ता अधिक वळणाचा, थोडा चढ-उताराचा आणि जवळजवळ रिकामा आहे. मी नेहमी हाच सुचवतो. पुढे पूल ओलांडून डी ६६२ ने काजार्क आणि तिथून फिजाक.

६. शेवटचा चढ कुठे आहे ते लिहून ठेवा. फिजाक लॉटच्या काठावर नाही, सेलेच्या काठावर आहे. म्हणजे काजार्ककडून येताना फेसेलजवळ मधली टेकडी ओलांडावीच लागते, तीही ऐंशी-नव्वद किलोमीटर झाल्यावर. त्यासाठी पाय आणि पाणी दोन्ही राखून ठेवा.

तपासणी: तयार मार्ग गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर प्रत्येक मोठ्या वळणापाशी उघडून बघा. रस्त्याच्या मधोमध पांढरी तुटक रेघ नाही आणि कडेलाही रेघ नाही, म्हणजे वाहतूक कमी. मधे रेघ, दोन्ही कडांना रेघा आणि मोठ्या निळ्या-हिरव्या पाट्या दिसल्या तर तो तुकडा बदला. बऱ्याच देपार्तमाँच्या संकेतस्थळांवर रस्त्यावरून रोज सरासरी किती वाहनं जातात याचा नकाशाही मिळतो. तो मिळाला तर अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

## टप्पा ४: पाणी, खाणं आणि घड्याळ

चांगला आखलेला मार्गही इथे फसतो. आपल्याकडे कुठल्याही रस्त्यावर दहा किलोमीटरच्या आत चहाची टपरी असते, आणि तोच हिशेब मनात धरून लोक निघतात. फ्रेंच खेड्यात तीस किलोमीटर एकही दुकान नसणं अगदी सामान्य आहे.

बेकरी, म्हणजे बुलांजरी, आठवड्यातून एक किंवा दोन दिवस बंद असते. कोणता दिवस, हे गावागणिक बदलतं. उघडी असली तरी दुपारी साडेबाराच्या सुमारास जी बंद होते ती तीन-चारपर्यंत उघडत नाही. रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळं बंद. १ मे, ८ मे, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. फ्रान्समध्ये मे महिन्यात जाणाऱ्याने कॅलेंडर समोर ठेवूनच दिवस ठरवावेत. उपाहारगृहात दुपारचं जेवण बारा ते साधारण दीड या वेळेतच मिळतं. दोन वाजता पोचलात तर दार उघडं असेल, चूल बंद असेल.

या वेळापत्रकाचा एक मोठा फायदा मात्र उठवता येतो. बारा ते दोन या वेळात फ्रान्स जेवत असतो आणि गावाकडचे रस्ते दिवसातले सर्वात मोकळे असतात. साडेअकराला बेकरीतून पाव घेऊन ठेवा, बारापूर्वी थोडं खा आणि तुमच्या मार्गातला सगळ्यात वर्दळीचा तुकडा नेमका या दोन तासांत येईल असं बघा. कडक उन्हाळ्यात हे जमणार नाही. तेव्हा सकाळी सातला निघा. आपल्या फेरीत सातला निघालात तर दहाच्या सुमारास सें-सीर्कला पोचता, पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत.

पाण्यासाठी गावातली दफनभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो आणि नकाशावर तिची खूण असते. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. काहीच लिहिलं नसेल तर गावातल्या कुणाला तरी विचारा. कॉसच्या पठारावर मात्र ओढे-नाले दिसत नाहीत. चुनखडीतून पाणी खाली मुरतं, म्हणून वर चढण्याआधी खोऱ्यातच दोन्ही बाटल्या भरा.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. हा बदकाच्या मांसाचा मुलूख आहे. बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परतलेले असू शकतात. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात आणि मेन्यूत त्याचा उल्लेख असेलच असं नाही. ‘सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, ते तुकडे नकोत, असं तिन्ही सांगा. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातून काढलेलं विरजण असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी आणि डाळ-तांदूळ, मसाला सोबत न्यावा. दिवसभर पाव, केळी, सुका मेवा आणि रात्री गरम खिचडी, हे नियोजन उत्तम चालतं.

तपासणी: मार्गावर दर २५ किलोमीटरला पाणी आणि दर ४० किलोमीटरला उघडं असेल असं दुकान, नावासकट आणि वेळेसकट, एका कागदावर लिहिलेलं आहे का? नसेल तर मार्ग तयार झालेला नाही.

## टप्पा ५: सायकल आणि रेल्वे

छोट्या गावात भाड्याने बहुधा ई-बाइक किंवा जाड टायरच्या सायकली मिळतात. रोड बाइक हवी असेल तर फ्रेमचं माप कळवून आधीच ठरवा, नाही तर स्वतःची न्या. टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असू द्या. गावाकडच्या डांबराचा पृष्ठभाग खरखरीत असतो, आणि २३ च्या टायरवर दिवसाअखेर हात दुखतात.

भाड्याची सायकल घेतली की उभ्या जागी ब्रेक तपासा. भारतात अनेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला असतो. सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला आणि सायकल उतारावर असली तर माणूस पुढे फेकला जातो. पहिला अर्धा तास सपाट रस्त्यावर काढा.

पॅरिसहून फिजाकला यायचं तर ओस्तरलिट्स स्टेशनवरून ब्रीव्ह शहरापर्यंत एंतेरसिते, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, आणि पुढे टीईआर, म्हणजे प्रादेशिक गाडी. एंतेरसितेत सायकलची जागा तिकिटाबरोबरच पैसे भरून राखावी लागते, आणि जागा मोजक्या असतात. टीईआरमध्ये सायकल बहुतेक मार्गांवर फुकट जाते.

सावधान: टीईआरच्या वेळापत्रकातल्या काही फेऱ्या प्रत्यक्षात बसच्या असतात. तिथे बसचं छोटं चित्र असतं. बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. तसंच, लॉटच्या काठाने काओर शहरापासून काजार्कमार्गे जाणारा लोहमार्ग नकाशावर दिसतो, पण त्यावर प्रवासी गाडी चालत नाही. ‘दमलो तर काजार्कहून रेल्वे पकडू’ असा बेत करू नका.

## टप्पा ६: निघण्याआधी कायदा

घंटी, पुढे-मागे दिवे आणि परावर्तक सक्तीचे आहेत. वस्तीबाहेर रात्री किंवा अंधूक उजेडात परावर्तक जाकीट घालावंच लागतं. हेल्मेट १२ वर्षांखालील मुलांना सक्तीचं आहे, तुम्ही ते घालाच. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, एका कानातसुद्धा. दंड १३५ युरो. दोघांनी शेजारी चालवायला परवानगी आहे, पण मागून गाडी पुढे जाऊ पाहत असेल किंवा अंधार पडला असेल तर एकामागे एक व्हावं लागतं. मोटारीने तुम्हाला ओलांडताना वस्तीत १ मीटर आणि बाहेर १.५ मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि गावाकडे बहुतेक चालक ते पाळतात.

## टप्पा ७: रस्त्यावर

उजवी बाजू. मोठ्या रस्त्यावर इतर गाड्या बघून आपोआप उजवीकडे राहिलं जातं. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: पाणी भरून, फोटो काढून पुन्हा निघताना पाय सवयीने डाव्या बाजूला नेतात. पहिले दोन दिवस हँडलवर उजव्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावा. चौकातल्या गोल वळणावर डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या.

उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. पाटी नसलेल्या चौकात, विशेषतः गावात, उजवीकडच्या बोळातून येणाऱ्याला आधी जाण्याचा अधिकार असतो, तो बोळ कितीही छोटा असो. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर तुमचा रस्ता प्राधान्याचा. त्याच पाटीवर तिरपी काळी रेघ असेल तर प्राधान्य संपलं, आणि हात ब्रेकवर हवेत.

मैलाचे दगड वाचा. ‘डी’ रस्त्याच्या दगडाचा माथा पिवळा असतो, ‘एन’ रस्त्याचा लाल. लाल माथा दिसला की थांबून नकाशा बघा.

‘ग्राव्हियों’ची पाटी. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी पसरून रस्ते दुरुस्त करतात आणि ती गाड्यांनी दाबली जाईपर्यंत तशीच सुटी राहते. ही पाटी दिसली की वळणाआधीच वेग कमी करा. वळणावर ब्रेक दाबू नका आणि सायकल कलती करू नका.

‘रूत बारे’, म्हणजे रस्ता बंद. वळणमार्गाच्या पिवळ्या पाट्या मोटारींसाठी असतात आणि नेमक्या मोठ्या रस्त्यावर नेतात. त्यांच्यामागे जाण्याआधी कागदी नकाशावर पांढरा पर्याय शोधा. काम कुठे चालू आहे हे गावात विचारलं तर सायकल हातात धरून पलीकडे जाता येईल की नाही, तेही कळतं. विचारताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, मग प्रश्न. थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

अपघात झाला तर ११२ हा क्रमांक युरोपभर चालतो, वैद्यकीय मदतीसाठी थेट १५. खोल खोऱ्यात फोनची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या आणि जवळच्या गावाचं नाव व मैलाच्या दगडावरचा रस्त्याचा आकडा सांगता येईल असं बघा. मदत करणाऱ्याला जागा शोधायला तेवढी माहिती पुरते.